ज्या चौकोनाला गुण नव्हते

“मेडिकलले जाऊ ना वं, आलोच हावोत तं,” कपाटापलीकडे एक बाई दुसरीला म्हणत होती.

“काहून? ह्याच आफिसनं भाऊले शंभरातले अठ्ठ्याण्णव देल्ले. थे काय चुकीचं सांगून राह्यले का?”

मी कपाटाच्या अलीकडे बसले होते. हातात लाल पेन, पुढ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. आमच्या ऑफिसात कपाटांच्याच भिंती होत्या, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं आणि आपण ऐकतोय हे कुणाला कळायचं नाही. माझ्यासारखीला ती जागा फार सोयीची होती.

बाकावर दोघी जावा होत्या आणि मध्ये नऊएक वर्षांची एक मुलगी. मोठी कौसल्या, धाकटी विमल, मुलगी कौसल्याची, नाव मंदा. हे सगळं त्यांच्या बोलण्यातूनच कळलं. मंदाला तीन वर्षांपासून फिट यायच्या. गोळ्या चालू होत्या, फिट थांबल्या होत्या. त्या दिवशी मेडिकलमध्ये, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, दाखवायची तारीख होती. पण कळमेश्वरला त्यांच्या प्रार्थनेच्या मंडळीचे जे भाऊ होते, त्यांनी सांगितलं होतं की प्रभूवर विश्वास ठेवल्यावर गोळी घेणं म्हणजे प्रभूला खोटं ठरवणं. पंधरा दिवसांपासून गोळ्या बंद होत्या. तारीख होती म्हणून त्या नागपूरला आल्या खऱ्या, पण कौसल्याला दवाखान्याऐवजी, भाऊंना जिथून प्रमाणपत्र मिळालं ते ऑफिस पाहायचं होतं.

मी बाहेर आले. विमलने फॉर्म मागितला, तो दिला. मंदाकडे बघून हसले. त्या जिना उतरल्या तेव्हा मी गॅलरीत जाऊन पाहिलं. सदर बाजाराच्या गर्दीतून त्या एस.टी. स्टँडच्या बाजूला वळल्या.

मी काहीही बोलले नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला धीट समजायला नको.

आता आमच्या कामाविषयी. संपादकांनी ‘तुमच्या नोकरीबद्दल लिहा’ असं कळवलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ह्यात सांगण्यासारखं काय आहे. मी अकरा वर्षं पोस्टाने येणारे पेपर तपासले. बस.

ख्रिस्ती शिक्षणाचा एक टपाली अभ्यासक्रम आम्ही चालवत होतो. कुणीही फॉर्म भरावा, त्याला पहिला पाठ पोस्टाने जायचा. पाठ म्हणजे आठ पानांची पुस्तिका आणि एक उत्तरपत्रिका. उत्तरं लिहून पाठवली की आम्ही तपासून परत करायचो आणि सोबत दुसरा पाठ पाठवायचो. असे बारा पाठ झाले की प्रमाणपत्र. विद्यार्थी विदर्भभर पसरलेले होते. त्यात सगळेच ख्रिस्ती नव्हते, निम्म्याहून जास्त नव्हते. काहींना शास्त्र जाणून घ्यायचं होतं, काहींना प्रमाणपत्र हवं होतं, आणि काहींना फक्त आपल्या नावाने पोस्टमन दारात यावा असं वाटत होतं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. घरी मराठी बोलायचो, पण लिहायची वेळ कधी आली नव्हती. आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती आणि चर्चमध्ये आम्ही इंग्रजी उपासनेला जायचो. मुलाखतीत आमचे प्रमुख गायकवाड सर, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, यांनी मला मराठी पाठ मोठ्याने वाचायला लावला. जोडाक्षर आलं की मी थांबायचे. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “उत्तरं बरोबर ओळखता येतील ना? मग झालं.” मी मान हलवली. नोकरी लागली.

उत्तरं ओळखणं अवघड नव्हतं, कारण आमच्याकडे नमुना उत्तरांची वही होती. वही डावीकडे, पेपर उजवीकडे. जुळलं की बरोबर. पेपराच्या शेवटी एक चौकोन असायचा: ‘आपल्याला काही विचारायचे असल्यास येथे लिहा’. त्या चौकोनाला गुण नव्हते. त्यात कुणी काही लिहिलं असेल तर एक छापील चिठ्ठी जोडायची: ‘आपल्या प्रश्नाबद्दल आभार. कृपया आपल्या गावच्या पाळकांना विचारावे.’ मग पानाच्या तळाशी ‘उत्तम’, ‘बरे’ किंवा ‘पुन्हा वाचा’ यांपैकी एक रबरी शिक्का मारायचा, खाली आद्याक्षरं घालायची, आणि पेपर पाकिटात. माझी आद्याक्षरं ‘नि. पा.’. दिवसाला साठ पेपर व्हायला हवेत असा सरांचा शिरस्ता होता. मी सत्तर करायचे, आणि मला त्याचा अभिमान होता.

विद्यार्थ्यांना मी कोण हे माहीत नव्हतं. ‘पूज्य नि. पा. काका यांना सलाम’ अशी पत्रं यायची. एकाने वर्ध्याहून लिहिलं होतं, ‘काका, या वयातही आपले अक्षर सुवाच्य आहे.’ मी तेव्हा बावीस वर्षांची होते. कुणाचीच चूक मी कधी दुरुस्त केली नाही. काका असणं मला बरं वाटत होतं.

आमच्याकडे तिसऱ्या होत्या साळवेबाई. त्या तिथे एवढी वर्षं होत्या की पाठाच्या पुस्तिकेतला कुठला टाइप कुठे तुटला आहे हेही त्यांना पाठ होतं. उन्हाळ्यात पंखा लावायची सोय नव्हती, पेपर उडायचे. खिडकीला वाळ्याची ताटी, तिच्यावर दुपारी दोनदा पाणी, आणि खोलीभर ओल्या वाळ्याचा आणि डिंकाचा वास. हिवाळ्यात चार वाजता बाई पर्समधून संत्री काढायच्या. सोलायच्या आधी आम्ही पेपर बाजूला सारायचो, कारण एकदा सालीचा फवारा उडून एका तलाठ्याच्या उत्तरांची शाई फुटली होती आणि त्याला दिलगिरीचं पत्र पाठवावं लागलं होतं. आजही संत्र्याची साल सोलताना मी आधी टेबल साफ करते.

विद्यार्थी एकेक नमुनेदार असायचे. एका स्टेशनमास्तरांनी एकच अभ्यासक्रम तीनदा पूर्ण केला. दर वेळी गुण थोडे कमी पडायचे. उत्तर नागपुरातला एक तरुण होता, त्याच्या आईवडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. त्याचे पेपर सगळ्यांत सुरेख. पण प्रत्येक पेपराच्या वर तो लिहायचा, ‘उत्तरे तुमच्या पाठाप्रमाणे आहेत, माझ्या मताप्रमाणे नाहीत.’ पहिल्यांदा मला ते उद्धटपणाचं वाटलं. सरांना दाखवलं. सर चष्मा पुसत म्हणाले, आपण पेपर तपासतो, विश्वास नाही, द्या शंभर. मी दिले. त्या ओळीतून तो पोरगा आमच्या साऱ्या ऑफिसाला काहीतरी सांगत होता, हे कळायला मला फार उशीर लागला.

आणि एक अमरावतीकडचे गृहस्थ होते. त्यांच्या गावात कुणी उपदेशक आला होता आणि प्रभूच्या येण्याचा वार त्याने नक्की सांगितला होता. गृहस्थांनी कळवलं, ‘येत्या मंगळवारी जग संपणार असल्याने उरलेले सहा पाठ एकदम व रजिस्टर पोस्टाने पाठवावेत.’ सर हसले. साळवेबाई हसल्या नाहीत. त्यांनी नेहमीप्रमाणे एकच पाठ पाठवला आणि सोबत हाताने चार ओळी लिहिल्या: शेतात पेरणी राहिली असेल तर ती करून घ्या, प्रभू आला आणि तुम्ही पेरताना दिसलात तर त्याला राग यायचा नाही. मंगळवार गेला. पुढच्या आठवड्यात त्यांचा पुढचा पाठ आला. चौकोनात लिहिलं होतं, ‘पेरणी केली. आभारी आहे.’

त्या दिवशी मी बाईंना विचारलं होतं, खोटी शिकवण ओळखायची कशी? तिच्यात तर शास्त्रातलीच वचनं असतात, प्रार्थना असते, डोळ्यांत पाणी असतं. बाईंनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. मग म्हणाल्या, “वचनं तर सगळेच सांगतात. शेवटी ओझं कोणाच्या डोक्यावर जातं ते पाहत जा, निर्मला. प्रभूनं दुसऱ्याचं ओझं आपल्यावर घेतलं. जो माणूस प्रभूचं नाव घेऊन आपलं ओझं सगळ्यांत दुबळ्यावर टाकतो, तिथं थांबायचं.”

ऐकायला छान वाटलं. पण वहीत ते उत्तर नव्हतं, म्हणून मी विसरूनही गेले.

कौसल्या आणि विमल येऊन गेल्या त्या संध्याकाळी मी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर आधीपेक्षा जोराची फिट येते. पोहताना आली, चुलीजवळ आली, तर पोर जायचंसुद्धा. कोणाच्या बंद केल्या? मी म्हटलं, कोणाच्या नाही.

दुसऱ्या दिवशी कळमेश्वरच्या त्या भाऊंचं, म्हणजे देवरावभाऊंचं, कार्ड शोधून काढलं. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर. बारा पाठ, सरासरी अठ्ठ्याण्णव. पेपर परत गेलेले असतात, ऑफिसात फक्त कार्ड राहतं. कार्डावर माझ्याच अक्षरात तीन ठिकाणी नोंद होती: ‘चिठ्ठी पाठवली’. म्हणजे त्यांनी तीनदा चौकोनात काहीतरी विचारलं होतं. काय विचारलं होतं, ते मला आठवेना. आठवणार कसं? मी वाचलंच नव्हतं.

मी त्यांना पत्र लिहिलं. गोळ्या चालू ठेवाव्यात, औषध घेणं आणि प्रार्थना करणं यांत विरोध नाही, असं जपून, गोल गोल लिहिलं. खाली ‘नि. पा.’. आठ दिवसांनी उत्तर आलं. मोठं, ठसठशीत अक्षर.

‘पूज्य काकांना सलाम. आपले पत्र वाचून आश्चर्य वाटले. पाठ चार, सात व अकरा यांच्या शेवटी मी हाच प्रश्न केला होता, की वैद्याकडे जाणे हा अविश्वास आहे काय. प्रत्येक वेळी खाली माझे मतही लिहिले होते, की होय, आहे. आपण पाळकांना विचारा म्हणून कळवले. आमच्या येथे पाळक नाहीत हे मी फॉर्मात लिहिले होते. परंतु माझ्या मताखाली आपण तिन्ही वेळा ‘उत्तम’ असे लिहून पाठवले. त्या बळावर मी पुढे गेलो. आता आपण आपलाच शब्द का फिरवता?’

मी शिक्का हातात घेतला. लाकडी मूठ, झिजलेलं रबर. उत्तरांनी पान भरून जायचं. शिक्का मारायला रिकामी जागा उरायची ती चौकोनाच्या आत, लिहिलेल्या ओळींच्या खाली. मी तिथेच मारायचे. सत्तर पेपर व्हायला हवे असतात तेव्हा माणूस जागा शोधत नाही, हात आपोआप जातो.

सरांना पत्र दाखवलं. त्यांचा चेहरा पडला, पण ते म्हणाले, आपला विद्यार्थ्यांशी संबंध पोस्टापुरता. दुसरं पत्र लिहा, मी सही करतो. ते पत्र टाइप होत होतं त्याच दिवशी विमलचा पहिला पाठ आला. दहापैकी दोनच प्रश्न सोडवलेले, तेही अर्धवट. चौकोन मात्र काठोकाठ भरलेला. तिला पेपर द्यायचाच नव्हता, तिला चौकोन हवा होता.

‘मंदाले चुलीपाशी फिट आली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. वयनी रडते पण गोळी देत नाही. भाऊ म्हणते विश्वास कमी पडला. तुमचं म्हणणं काय ते कळवा. चिठ्ठी नका पाठवू.’

मी तो पेपर साळवेबाईंसमोर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. मला वाटलं, त्या म्हणतील मी येते तुझ्याबरोबर. त्या म्हणाल्या, “रविवारी सकाळी आठची एस.टी. आहे. तूच जा. आद्याक्षरं तुझी आहेत.”

त्यानंतर काय काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण मागाहून सांगायला मला जमणार नाही. मंदाच्या गोळ्या त्याच आठवड्यात परत चालू झाल्या. हातावर डाग राहिला. पुढे तीन-चार वर्षांनी तिने स्वतः आमचा अभ्यासक्रम केला, गुण बेताचे पडले, आणि मला ते बघून फार बरं वाटलं. देवरावभाऊंची मंडळी फुटली. काही जण नागपूरच्या चर्चमध्ये येऊ लागले, काही घरी बसले. भाऊंमुळे दारू सोडलेल्यांपैकी एक-दोघे परत प्यायला लागले, असं विमलने लिहिलं. ते वाचून मी दोन दिवस जेवले नाही, कारण देवरावभाऊंनी जे चांगलं केलं होतं ते अगदी खरं होतं. त्यांनी प्रमाणपत्र रजिस्टरने परत पाठवलं. सोबत चिठ्ठी नव्हती. मी त्यांना चार पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. गावात एखादा पाळक असता, किंवा पहिल्याच चौकोनाला कुणी दोन ओळींचं खरं उत्तर दिलं असतं, तर हा माणूस किती जणांना उपयोगी पडला असता, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

सरांनी मला रागावून घेतलं, आणि मग शिरस्ता बदलला. पेपर हातात आला की आधी चौकोन वाचायचा, मग पहिला प्रश्न. शिक्का वर, उजव्या कोपऱ्यात. दिवसाला साठऐवजी पस्तीस. छापील चिठ्ठ्यांचा उरलेला गठ्ठा साळवेबाईंनी पाठकोऱ्या म्हणून वापरून संपवला. जुनी कार्डं चाळून, जिथे जिथे ‘चिठ्ठी पाठवली’ होतं, त्या सगळ्यांना आम्ही पुन्हा विचारलं की तुमचा प्रश्न काय होता. तुरुंगातून शिकणारा एक कैदी होता. त्यालाही मी ‘गावच्या पाळकांना विचारा’ अशीच चिठ्ठी पाठवली होती. त्याला पाठवलेलं पत्र ‘इसम येथे नाही’ असा शेरा घेऊन परत आलं. तो सुटला असेल असं मी धरून चालते.

असो. त्या रविवारी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. आठची एस.टी. पकडून कळमेश्वरला गेले. एस.टी.त मी आईच्या जुन्या पिशवीवर एक कागद धरून मुद्दे लिहून काढले होते. मराठीत सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीपासून इंग्रजीत लिहायला लागले होते. तो कागद मी उतरता उतरता फाडला.

देवरावभाऊंच्या घरामागे टिनाचं छप्पर घातलेलं अंगण होतं. पंचवीस-तीस माणसं सतरंजीवर बसलेली, बाया एका बाजूला. भाऊ पस्तिशीचे, रुंद खांद्यांचे, पांढरा धुतलेला शर्ट. मी नागपूरच्या ऑफिसातून आले म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. घरातून एकुलती एक खुर्ची आणवली, स्वतःच्या हाताने पुसली.

“काका नाही आले?” त्यांनी माझ्या मागे दाराकडे पाहत विचारलं.

“नि. पा. म्हणजे मीच.”

त्यांची नजर दारावरून माझ्यावर आली. मग मोकळेपणाने हसले आणि मंडळीला म्हणाले, “पाहा बाप्पा. आपण काका समजून राह्यलो होतो, अन् ही तं आपली पोरगीच निघाली.”

सगळे हसले. मीही हसले. त्यांनी मला बसवलं आणि बोटाने भिंतीकडे दाखवलं. माझ्या आद्याक्षरांचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं होतं. शेजारी चौथ्या पाठाची उत्तरपत्रिका, तीही फ्रेममध्ये. खुर्चीवरून मला चौकोन स्पष्ट दिसत होता. त्यांच्या ठसठशीत ओळी, आणि त्यांच्याखाली किंचित तिरका, लाल, माझा ‘उत्तम’.

मग भजन झालं, आणि साक्षी सुरू झाल्या. एक म्हातारा उठला. सात वर्षांची दारू भाऊंच्या प्रार्थनेने सुटली म्हणाला. त्याची बायको पदराने डोळे पुसत होती. भाऊ त्याच्याकडे असे पाहत होते, जणू थोरला भाऊ परीक्षा पास झाला. मला वाटलं, मी काय बोलणार इथे? ह्या माणसाने एका वर्षात जे केलं ते मी जन्मात करणार नाही. माझा विश्वास म्हणजे रविवारचा धुतलेला फ्रॉक आणि पाठ केलेली बरोबर उत्तरं. त्या बौद्ध मुलाने निदान वर प्रामाणिकपणे लिहून तरी ठेवलं होतं. मी उठून जावं, आणि सोमवारी सरांचं पत्र टपालात टाकावं, असं मी मनात जवळजवळ ठरवलं.

तेवढ्यात भाऊंनी मंदाला बोलावलं. प्रेमानेच बोलावलं. ती कौसल्याच्या मांडीवरून उठली. हाताला हळद आणि तेल लावलेल्या चिंध्या बांधलेल्या. विमल मागच्या रांगेत बसली होती, ती माझ्याकडे एकटक पाहत होती.

“सांग मंदा, सगळ्याइले सांग,” भाऊ म्हणाले.

मंदा पायाच्या अंगठ्याने सतरंजी खाजवत उभी राहिली. कुणीतरी शिकवलेलं म्हणायचं असावं, पण ते तिला आठवलं नाही. तिने आईकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाली, “माहाच विश्वास कमी हाय. म्हून फिट येते. मी रोज जास्त ठेवून राह्यली, पण थो पुरत नाही.”

 कौसल्याने तोंडाला पदर लावला. भाऊंनी मंदाच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थनेसाठी डोळे मिटले, आणि सगळ्यांनी मिटले.

माझे उघडेच होते. नऊ वर्षांचं पोर, भाजलेला हात, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून काय काय तिच्या डोक्यावर ठेवलं होतं ते मला दिसलं. भाऊंची शिकवण, माझा शिक्का, सरांचे साठ पेपर. शिकवण बरोबर की चूक हे मला आता कुठल्या वहीत बघायचं नव्हतं.

मी खुर्ची मागे सारली. तिचा आवाज झाला आणि लोकांनी डोळे उघडले.  मी उभी राहून बोलायला लागले. शब्द पुस्तकी होते, मधे मधे अडकत होते, पण मी थांबले नाही.

“देवरावभाऊ, प्रार्थना करू या, पण आधी मला बोलू द्या. तो भिंतीवरचा पेपर मी तपासला. खालचा तुमचा प्रश्न मी वाचला नाही. ‘उत्तम’ मी तुमच्या मताला दिलं नव्हतं, जागा रिकामी दिसली म्हणून शिक्का मारला होता. तुम्ही तीनदा विचारलंत आणि मी तिन्ही वेळा न वाचता पेपर परत पाठवला. ही माझी चूक आहे, तुमची नाही. त्या प्रश्नाचं उत्तर आज देते. गोळी घेणं हा अविश्वास नाही. हे तुमच्या प्रमाणपत्रावरच्या त्याच नि. पा.चं म्हणणं आहे. आणि मंदा, इकडे बघ. तुझा विश्वास कमी नाही. तो मोजायचा नसतो, मलाही मोजता येत नाही. तू आज गोळी घे. उद्याही घे.”